ताई, पगार होईल ना?

हैदराबादेत आयटीत नोकरी केलेल्या माझ्या पिढीला 7 जानेवारी 2009 हा दिवस विसरता येत नाही. सत्यम कॉम्प्युटर्सचे संस्थापक रामलिंग राजू यांनी त्या दिवशी पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदातली पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नाही. कंपनीत सुमारे 53 हजार माणसं. उत्तम कारभारासाठीचा गोल्डन पीकॉक पुरस्कार काही महिन्यांपूर्वीच मिळालेला! शेअर एका दिवसात तीन-चतुर्थांशाहून जास्त घसरला.

मी तेव्हा माधापुरात दुसऱ्या कंपनीत होते. पण काचीगुड्यातल्या आमच्या मराठी घरांतली कितीतरी मुलं सत्यममध्ये. भेटली की एकच विचारायची, "ताई, महिनाअखेरीस पगार होईल ना?" कुणाचे घराचे हप्ते, कुणाचं लग्न ठरलेलं. त्यांतल्या काहींचे मॅनेजर रोज सकाळी टीमला घेऊन बसत. काय कळलं, काय अजून कळायचंय, ते सांगत. ती मुलं परदेशी ग्राहकांचे फोन घेत राहिली, काम वेळेवर देत राहिली. घोटाळा वरच्या मजल्यावरचा होता. त्यांना रोज ऑफिसात आणत होता तो शेजारी बसलेला माणूस.

मग वरच्या मजल्यावरची माणसंही बदलली. केंद्र सरकारनं जुनं संचालक मंडळ बाजूला करून दीपक पारेख, किरण कर्णिक यांच्यासारख्यांना नेमलं. त्यांनी आधी पगार आणि ग्राहक सांभाळले. बँकांकडून 600 कोटींची सोय केली. एप्रिलमध्ये टेक महिंद्रानं 58 रुपये भावानं कंपनी घ्यायचं ठरवलं. पुढे हजारोंना काही महिने फक्त मूळ पगारावर घरी बसवलं गेलं. निर्णय कठोरच होता, माझ्या ओळखीची घरं त्यात पोळली. तरी किती महिने, किती पैसे, हे हातात होतं. दुसरी नोकरी शोधायला तेवढा आधार पुरला.

याच्या उलटही मी पाहिलंय. एका कंपनीत आमचा प्रोजेक्ट बंद होणार हे साहेबांना आधीच ठाऊक होतं. आम्हाला कळलं ते ग्राहकाच्या ईमेलवरून. त्यानंतर साहेब खरं बोलले तरी कुणाचा विश्वास बसेना, आणि चांगली माणसं एकेक करून गेली.

आता नोकरकपातीच्या बातम्या आल्या की मी माझ्या टीमला बोलावते. उत्तर नसेल तर ते कधीपर्यंत मिळेल ती तारीख सांगते. त्या तारखेलाही काही कळलेलं नसेल, तरी पुन्हा बोलावते.