तीळ, चामखीळ, गाठ : दाखवायचं कुणाला?

गटाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास निघतो, म्हणून आज आपण त्यावरच बोलू.

तीळ, चामखीळ, डाग हे कातडीवरचं. त्याला त्वचारोगतज्ज्ञ, म्हणजे कातडीचे डॉक्टर. कातडीखाली हाताला लागणारी, मऊ, हलणारी गाठ बहुधा चरबीची असते. ती काढायचं काम सर्जनचं. स्तनातली गाठही सर्जनलाच दाखवायची, आणि लगेच. दुखत नाही म्हणून आपण ती अंगावर काढतो, तिथंच घात होतो.

कुणाकडे जावं कळेना, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊ. तिथून चिठ्ठी घेऊन उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात. कातडीचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आशाताईंना विचारून निघावं, नाहीतर एसटीचं भाडं आणि रोज दोन्ही बुडतात.

तीळ वाढला, रंग बदलला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रक्त आलं, तर थांबू नये. तिळासारखा दिसणारा कॅन्सर आपल्याकडे कमी, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायाला नाहीतर नखाखाली. अनवाणी राबणाऱ्या बाईला तो काटा मोडल्याचा डाग वाटतो.

चामखिळीला घोड्याचा केस बांधणं, चुना-सोडा लावणं, पार्लरमध्ये तीळ जाळून घेणं नको. जाळलेला तीळ तपासता येत नाही. डॉक्टरांनी गाठ काढली, की आपणच विचारायचं, ‘तुकडा तपासायला पाठवला ना?’ आणि रिपोर्ट रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवायचा.