तीन डावांत दुकान बंद करू नका!

मित्रांनो, आयपीएल 2021 आठवतंय? ऋतुराज गायकवाडचे पहिले तीन डाव: 5, 5, 10. चाहत्यांत दोन तट. काही म्हणे, "बसवा त्याला!" चेन्नईने बसवलं नाही. चौथ्या डावात 64, हंगामाअखेर 635 धावा आणि ऑरेंज कॅप!

आता तुमचं बघा. कॉलेज रोडला गाळा घेऊन मिसळ सुरू केली, पहिले तीन आठवडे गल्ला हलका. लगेच गाशा गुंडाळू नका. दोन गोष्टी तपासा: गिऱ्हाईक परत येतंय का? प्लेटमागे खर्च जाऊन दोन पैसे सुटतात का? दोन्हीला 'हो' असेल तर टिका. 'नाही' असेल तर आधी चव आणि भाव सुधारा.

पण थांबायलाही पैसा लागतो. म्हणून काही महिन्यांचं भाडं बाजूला ठेवा, आणि किती थांबायचं ते सुरुवातीलाच वहीत लिहा.