पंखे चालू, पडदा काळा: ‘नो डिस्प्ले’विषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॉम्प्युटरचे बटण दाबल्यापासून पडद्यावर पहिले अक्षर उमटेपर्यंत ठरावीक क्रमाने बरीच कामे होतात. एसएमपीएस घरातल्या २३० व्होल्ट विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा तयार करतो आणि तो स्थिरावला की मदरबोर्डला तसा संकेत देतो. मग प्रोसेसर मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस चालवू लागतो. बायोस प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स तपासतो. या तपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात. ती पार पडल्यावरच डिस्क आणि विंडोजची पाळी येते. पडदा सुरुवातीपासूनच काळा असेल, तर दोष बहुधा विंडोजच्या आधीच्या एखाद्या टप्प्यात असतो. तो त्याच क्रमाने शोधला, तर वेळ वाचतो आणि नको तो खर्चही टळतो.

गैरसमज: पडदा काळा म्हणजे मॉनिटर गेला.
वस्तुस्थिती: मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ अशी सूचना दिसत असेल, तर त्याचा पडदा चालू आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही एवढेच. केबल दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का आणि मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडले आहे का, हे आधी पाहावे. केबल एचडीएमआयला आणि इनपुट व्हीजीएवर असेल, तर सर्व भाग ठणठणीत असूनही पडदा काळाच राहतो. त्यानंतर दुसरी केबल लावून पाहावी किंवा मॉनिटर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडावा.

गैरसमज: पंखे फिरतात, म्हणजे वीजपुरवठा ठीक आहे.
वस्तुस्थिती: पंख्यांना १२ व्होल्ट मिळाले की ते फिरतात, त्यावरून प्रोसेसर काम करतो आहे असे ठरत नाही. मदरबोर्डला २४ पिनांच्या मुख्य जोडणीखेरीज प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ पिनांची वेगळी जोडणी लागते. ती निसटली तर पंखे आणि दिवे चालू राहतात, पण पोस्ट सुरूच होत नाही. एसएमपीएसवर संशय असेल, तर तो बदलून पाहावा. उघडू मात्र नये. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

गैरसमज: बीप ऐकू येत नाही, म्हणजे मदरबोर्ड जळाला.
वस्तुस्थिती: बीपसाठी मदरबोर्डला छोटा स्पीकर जोडलेला असावा लागतो आणि अनेक नव्या कॅबिनेटमध्ये तो नसतो. बीपचे अर्थही बायोसनुसार बदलतात. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप ग्राफिक्सचा दोष दाखवतात. इतरत्र तोच अर्थ लागेल असे नाही. अनेक नव्या मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावे असलेले चार बारीक दिवे असतात. जो दिवा पेटलेला राहतो, त्या टप्प्यावर काम अडले आहे असे समजावे.

गैरसमज: रॅम खोडरबराने घासली की काम होते.
वस्तुस्थिती: अनेकदा गुण घासण्याचा नसून रॅम काढून पुन्हा नीट बसवण्याचा असतो. रॅमच्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. खरखरीत रबराने तो झिजतो आणि रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात. कॅबिनेट उघडण्याआधी प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि अंगातली स्थिर वीज उतरवण्यासाठी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा. मग स्लॉटची खिट्टी उघडून रॅम सरळ वर काढावी. रॅमची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोके सारख्या जोराने दाबावीत. खिट्टी ‘टक्’ करून बसली पाहिजे. दोन रॅम असतील, तर एका वेळी एकच लावून पाहावी. एकट्या रॅमसाठी कोणता स्लॉट वापरायचा, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते. पट्ट्या मळल्या असतील, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले, धागे न सुटणारे कापड पुरते.

गैरसमज: सीमॉसची बॅटरी संपली की डिस्प्ले येत नाही.
वस्तुस्थिती: सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी संपली, तर प्रामुख्याने तारीख-वेळ चुकते आणि बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात, कॉम्प्युटर सहसा सुरू होतो. बॅटरी काढून बसवल्यावर डिस्प्ले परत येतो तो बहुधा चुकीच्या सेटिंग, उदाहरणार्थ रॅमचा न पेलणारा वेग, पुसल्या गेल्यामुळे. अशा रीसेटनंतर किंवा नवी रॅम बसवल्यावर बायोस रॅमची जुळणी नव्याने करतो. डीडीआर५ रॅम असेल, तर या कामात पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. तेवढा वेळ वीज बंद करू नये.

गैरसमज: केबल कोणत्याही पोर्टला लावली तरी चालते.
वस्तुस्थिती: वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल कार्डाच्याच पोर्टला लावावी, मदरबोर्डचा पोर्ट अशा वेळी अनेकदा बंद असतो. इंटेल कोअर आय५-१२४००एफ किंवा एएमडी रायझन ५ ५६००एक्स यांसारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोयच नसते; तेथे मदरबोर्डच्या पोर्टवर चित्र येणे शक्य नाही. मोठ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वीज लागते, तीही जोडलेली हवी. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल, तर कार्ड काढून मदरबोर्डच्या पोर्टवर पाहावे. डिस्प्ले आला, तर दोष कार्डात, त्याच्या स्लॉटमध्ये किंवा वीजजोडणीत आहे.

गैरसमज: विंडोज बिघडले आहे, फॉरमॅट मारावा लागेल.
वस्तुस्थिती: कंपनीचा लोगो किंवा बायोसचा पडदा दिसायला डिस्क लागत नाही. डिस्क काढून ठेवली, तरी चांगला कॉम्प्युटर बायोसपर्यंत पोहोचतो. लोगो दिसून नंतर पडदा काळा झाला, तरच विंडोज किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरकडे वळावे. सुरुवातीपासूनच काही दिसत नसेल, तर फॉरमॅटने तो दोष जात नाही. डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रे मात्र जातात. रॅम, प्रोसेसर किंवा मदरबोर्ड बिघडला, तरी डिस्कवरची माहिती सहसा शाबूत असते. म्हणून दुरुस्तीला देताना कोणती तपासणी झाली आहे ते सांगावे आणि डिस्क फॉरमॅट करू नये, असे पावतीवर लिहून घ्यावे.