दुष्यंतानें उतरविलेला बाण

वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. याच जिल्ह्यांत कारंजा-सोहोळचें काळवीट-अभयारण्य आहे. तेथें उड्या घेत जाणारा कळप पाहिला कीं वर्गांत शिकविलेलें ‘शाकुंतल’ आठवतें.

पूर्वीं शिकारीस मुख्यतः दोन तऱ्हांचीं धनुष्यें असत. एक भिल्लांच्या हातचा बांबूचा साधा कामठा. दुसरें शिंग, लांकूड व स्नायु यांचें, टोंकें पुढें वळविलेलें. विष्णूच्या ‘शार्ङ्ग’ धनुष्याचें नांव शृंगावरूनच पडलें. टोंकें अशीं वळविल्यानें धनुष्य आंखूड असूनहि जोर अधिक सांठतो; म्हणून घोडेस्वारास तें सोयीचें. साध्या कामठ्यास तोच जोर हवा तर लांबी वाढवावी लागते.

दुष्यंतानें कृष्णसारावर, म्हणजे काळविटावरच, बाण रोखला होता. तापसानें अडवितांच त्यानें तो उतरविला, आणि चक्रवर्ती पुत्राचा आशीर्वाद मिळविला. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळवीट रक्षिला आहे. विद्या मात्र टिकली: सातारा जिल्ह्यांतील प्रवीण जाधव २०२१ सालीं टोकियो ऑलिंपिकांत वळत्या टोंकांचेंच धनुष्य घेऊन उतरले.

मुलांना धनुर्विद्या अवश्य शिकवावी. लक्ष्य पेंढ्याचें असावें. आणि सुटींत कारंज्यास नेऊन, दुष्यंतानें बाण कां उतरविला, तें काळविटाकडे बोट दाखवून सांगावें.