माशाच्या डोक्यातला नकाशा

रात्री दिवे गेले तरी तुम्ही अंधारात माठापर्यंत बरोबर पोहोचता, होय ना? कारण दार कुठं, कपाट कुठं, हे उजेडात रोज पाहिलेलं असतं. एक बोटभर मासाही असंच करतो. पण तो चुकला तर त्याच्या जिवावर बेततं!

या माशाचं नाव गोबी. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी पाहिली आहे ना? तिचाच हा लांबचा भाऊबंद. बहामा बेटांच्या खडकाळ किनाऱ्यावर तो राहतो. ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि खडकांच्या खळग्यांत डबकी उरतात. अशाच एका डबक्यात गोबी थांबतो. कुणी डिवचलं की टुणकन उडी मारून थेट शेजारच्या डबक्यात!

आता गंमत पाहा. डबक्यातून त्याला शेजारचं डबकं दिसतच नाही. नेम चुकला तर कोरड्या खडकावर तडफडणं नशिबी. मग उडी अचूक बसते कशी?

हे कोडं पडलं अमेरिकन शास्त्रज्ञ लेस्टर अॅरन्सन यांना. त्यांनी कृत्रिम डबकी तयार केली आणि त्यांत नवखे गोबी सोडले. काठीनं डिवचलं तर बिचारे गोंधळले! मग पाणी वाढवून रात्रभर खोटी भरती आणली. मासे सगळ्या खळग्यांवरून मनसोक्त पोहले. पाणी उतरवून पुन्हा डिवचलं आणि काय आश्चर्य, बहुतेक उड्या अचूक! ४० दिवसांनंतरही ती जागा त्यांच्या लक्षात होती. हे संशोधन १९५१ आणि १९७१ साली प्रसिद्ध झालं.

म्हणजे भरतीच्या वेळी गोबी नुसता भटकत नाही, तर खळगे, उंचवटे मनात टिपून ठेवतो. पुढं ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना आढळलं, की खडकांत राहणारे गोबी वाळूत राहणाऱ्यांपेक्षा वाटेवरच्या खुणांचा जास्त उपयोग करतात. बरोबरच आहे. वाळू लाटेबरोबर सरकते, खडक जागचा हलत नाही. आपणही पत्ता सांगताना ‘वडाच्या झाडापासून डावीकडे’ म्हणतो, ‘बैलगाडीपासून’ नाही!

तेव्हा ‘माशाला तीन सेकंदांपूर्वीचंही आठवत नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याला गोबीची गोष्ट जरूर सांगा. आणि सुट्टीत समुद्रावर गेलात, डबक्यातला दगड उचलून पाहिलात, तर तो होता तसाच परत ठेवा बरं का! आपल्याला तो साधा दगड वाटतो, पण कुणाच्या तरी घराची ती खूण असू शकते.