मेदाचा निरोप

स्थूल मनुष्य पंगतीस बसला, कीं त्याच्या पानाकडे चार डोळे अधिक वळतात. त्यानें पोळी मागितली तर तो खादाड, न मागितली तर ढोंगी! अंगावरची चरबी हा जिभेच्या अपराधाचा उघड पुरावा, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीस आधार कितपत, हें पाहण्यासारखें आहे.

मेद म्हणजे कोठारांत पडून असलेली शिधासामुग्री, असें पाश्चात्य वैद्यकही फार काळ मानीत होतें. अमेरिकेंतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेंत १९४९ सालीं कांहीं उंदीर असे निपजले, कीं ते अखंड खात व भावंडांच्या तिप्पटीपर्यंत वजन धरीत. पुढें डग्लस कोलमन यांनीं तेथेंच असा एक लठ्ठ उंदीर व एक सामान्य उंदीर यांचीं शरीरें शस्त्रक्रियेनें जोडून एकाचें रक्त दुसऱ्यांत खेळूं दिलें. तों लठ्ठाची भूक आवरली! निरोगी रक्तांत ‘आतां पुरे’ असें सांगणारें कांहींतरी होतें खास. तें काय, याचा उलगडा १९९४ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं केला. तें संप्रेरक, म्हणजेच हार्मोन, खुद्द मेदपेशींतच उत्पन्न होतें. ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास लेप्टिन म्हणतात. मेद वाढला कीं लेप्टिन वाढतें व कोठार भरल्याची वर्दी मेंदूस पोंचते. मेद घटला कीं तें उतरतें आणि भूक खवळते. कडक उपासांनीं रोडावलेला मनुष्य पुन्हां पूर्ववत् कां होतो, याचें एक कारण येथें आहे.

जन्मतःच लेप्टिन नसलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीचें वजन ९४ किलोंवर गेलें होतें. इंग्लंडांतील वैद्यांनीं तिला लेप्टिन टोंचलें, तेव्हां वर्षभरांत तें सुमारें १६ किलोंनीं उतरलें. हा वृत्तांत १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. या बालिकेस संयमाचा उपदेश करून काय साधलें असतें? मात्र अशीं मुलें अत्यंत विरळा. बहुतेक स्थूल जनांच्या रक्तांत लेप्टिन कमी नसून उलट अधिकच असतें. मेंदू तें ऐकेनासा होतो. त्यामुळें सुई टोंचून सर्वांस सडपातळ करण्याची आशा फोल ठरली. आहारविहाराचा दोष नसतोच असें आमचें म्हणणें नाहीं; पण लठ्ठ मुलास चारचौघांत घालूनपाडून बोलणें हा उपचार खचित नव्हे.

चरकाचार्यांनीं सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायांत अतिस्थूलाची गणना आठ निंदितांत केली आहे खरी. परंतु कारणें देतांना अतिभोजन, दिवसा झोंप यांजबरोबर बीजस्वभावही सांगितला आहे. मेदानें मार्ग रोधले जाऊन कोष्ठांतील वायु अग्नीस चेतवितो व भूक वाढते, असेंही तेथें आहे. त्यांस लेप्टिन ठाऊक होतें असें म्हणण्याचा उतावळेपणा आम्ही करणार नाहीं. निरीक्षण मात्र मार्मिक आहे.

मेदाचें दुसरें संप्रेरक अ‍ॅडिपोनेक्टिन. तें इन्सुलिनच्या कार्यास साह्य करितें. पण मेद, विशेषतः पोटांतला, वाढला कीं तें घटतें आणि मधुमेहास वाट मिळते. येथें कृश दिसणाऱ्यांनींही निर्धास्त राहूं नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे जॉन युडकिन या दोघांचा उंचीच्या मानानें वजनाचा अंक एकच, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२! २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत दोघांनीं हें आपल्या छायाचित्रासह छापलें. म्हणून आपल्याकडे वैद्य वजनाबरोबर कंबरेचा घेरही मोजावयास सांगतात. पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा धरितात.