पोर्टच्या पिंपातून आलेली व्हिस्की

अमृतच्या 'पोर्टोनोव्हा' व्हिस्कीच्या बाटलीवर मद्यार्काचा आकडा ६२.१ टक्के आहे. आपल्याकडच्या रोजच्या व्हिस्कीवर तो ४२.८ असतो. एवढा फरक पाहिला की लोक म्हणतात, "म्हणजे लवकर चढते." माझं म्हणणं वेगळं आहे. ही तीव्रता चढण्यासाठी नाहीच. पिंपातून निघालेल्या दारूत कारखान्याने भरमसाट पाणी घातलेलं नाही, किती घालायचं ते तुमच्यावर सोडलंय, एवढाच तिचा अर्थ.

माझी नोकरी वासाची. बंगळूरुच्या एका प्रयोगशाळेत बिस्किटं-सरबतांचे स्वाद जुळवत आयुष्य गेलं. त्यामुळे या शहराच्या अमृत डिस्टिलरीबद्दल मला मनापासून अभिमान आहे. १९४८ साली राधाकृष्ण राव जगदाळे यांनी ती सुरू केली. आडनाव ऐकून आपल्या माणसाचे कान टवकारणारच! त्यांचे चिरंजीव नीळकंठ राव यांनी २००४ मध्ये भारतीय सिंगल माल्ट विकायला काढली, तीही थेट ग्लासगोमध्ये, स्कॉच पिणाऱ्यांच्या दारात. आधी तिथे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग 'व्हिस्की बायबल' या मार्गदर्शक पुस्तकाच्या २०१०च्या आवृत्तीत व्हिस्की-समीक्षक जिम मरे यांनी 'अमृत फ्यूजन'ला जगात तिसरं स्थान दिलं आणि चित्र पालटलं. पोर्टोनोव्हा आली त्याच्या पुढच्या वर्षी.

पोर्ट म्हणजे पोर्तुगालची गोड, बहुधा लाल वाइन. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचं मद्य ओततात, त्यामुळे साखर शिल्लक राहते. तिची ओकची पिंपं मोठी, साधारण ५५० लिटरची. फळ्यांमध्ये वाइन खोल मुरलेली असते. अमृतची ही व्हिस्की आधी बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या आणि कोऱ्या ओकच्या पिंपांत मुरते, मग या पोर्टच्या पिंपांत, आणि शेवटी पुन्हा बर्बनच्या. लाकडाकडून व्हॅनिला आणि ओल्या नारळाचा वास येतो, वाइनकडून रंग, गोडवा आणि तुरटपणा.

हे मुरण्याचं काम इथे झपाट्याने होतं, कारण गरम हवा. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं, बंगळूरुत दहा-बारा टक्के. मालकाला हा मोठा तोटा, पण लाकूड आणि दारू यांची देवघेव उष्णतेत जोरात चालते. म्हणून इथली चार-पाच वर्षांची व्हिस्की पोक्त लागते. वय पाहून व्हिस्की जोखण्याची सवय इथे सोडून द्यावी.

आता चव. तोंड निमुळतं असलेला ग्लास घ्या. नाक आत खुपसू नका, नुसत्या मद्यार्काने झणका बसेल. काठापासून थोडं दूर धरा, ओठ किंचित उघडे ठेवा. आधी काळ्या मनुकांचा, शिजत आलेल्या जॅमचा वास येतो. पहिला घोट अगदी छोटा, जीभ ओली होण्यापुरता. सुंठीसारखा तिखटपणा आणि जळजळ, बाकी फार काही कळत नाही.

मग चमच्याने पाणी घाला, थेंबाथेंबाने. इथे शास्त्र आहे. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवलं, की धुरकट वासाचा ग्वायाकॉल हा रेणू तीव्र दारूत मद्यार्काच्या घोळक्यात अडकून राहतो. पाणी वाढलं की पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे नाकाच्या जवळ. पोर्टोनोव्हात मला पाण्यानंतर कडू चॉकलेट सापडतं, मग जायफळ, आणि घोट गिळल्यावर जांभळाचा तुरटपणा बराच वेळ रेंगाळतो. ३० मिलीला दोन लहान चमचे पाणी घातलं की तीव्रता ४६ टक्क्यांच्या आसपास येते. माझ्या मते तिची खरी जागा तीच. बर्फ आणि सोडा मात्र नको. थंडीने वास दबतो, आणि मग एवढे पैसे मोजून काय मिळवलं?

एक हिशेब लक्षात ठेवा. हिच्या ३० मिलीत जेवढा मद्यार्क आहे, तेवढा नेहमीच्या व्हिस्कीच्या साधारण ४३.५ मिलीत असतो. म्हणजे एक छोटा पेग जवळजवळ दीड धरायचा. तेवढ्यावर थांबा, आणि त्या रात्री गाडी दुसऱ्याला चालवू द्या.